मंजुरी दिल्लीत, हप्ता अंबडमध्ये

18 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अवकाश विभागाचे चार मोठे प्रस्ताव एकाच दिवशी मंजूर केले. चांद्रयान-4 साठी 2,104 कोटी रुपये, शुक्राकडे जाणाऱ्या यानासाठी 1,236 कोटी, नव्या पिढीच्या प्रक्षेपकासाठी 8,240 कोटी. माणूस अंतराळात नेणाऱ्या गगनयानाची व्याप्ती वाढवून त्यात भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग घेतला आणि त्यासाठी 11,170 कोटी जादा दिले. बेरीज झाली 22,750 कोटींची.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, नवरात्रात, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतले एक कारखानदार माझ्याकडे आले. मी नाशकातल्या लहान कारखान्यांची कॉस्टिंगची आणि बँक प्रस्तावांची कामे करते. त्यांचे हिशेब आठ-नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहेत. त्यांना मी भाऊ म्हणते, इथेही तेच म्हणेन. हातात मंजुरीच्या बातमीचे कात्रण होते आणि पाच अक्षांच्या मशीनचे, म्हणजे एका बांधणीत भाग अनेक बाजूंनी कापणाऱ्या यंत्राचे, कोटेशन. सोबत त्यांचे वडील, आप्पा. आप्पा ओझरच्या विमान कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले. मिग आणि सुखोई, दोन्हींचे काम हातून गेलेले.

भाऊंच्या शेडमध्ये संगणकावर चालणारे चार सीएनसी लेथ आणि दोन व्हीएमसी, म्हणजे उभी मिलिंग यंत्रे. रोजचे काम वाहनांच्या सुट्या भागांचे आणि पंप-व्हॉल्व्हचे. दोन वर्षांपूर्वी परजिल्ह्यातल्या एका मोठ्या कंपनीने त्यांना अवकाश कार्यक्रमासाठी लागणाऱ्या काही ब्रॅकेट आणि फिटिंगचे जॉबवर्क दिले होते. नग थोडे, पण भाव चांगला, आणि रिजेक्शन जवळजवळ शून्य. आता त्या कंपनीच्या खरेदी विभागातून तोंडी निरोप आला होता: पाच अक्षांचे मशीन आणि स्वतःचे मोजमाप यंत्र असेल, तर पुढे मोठे काम येईल.

मशीन आणि मोजमाप यंत्र मिळून 1 कोटी 40 लाख. 35 लाख स्वतःचे, उरलेल्या 1 कोटी 5 लाखांचे कर्ज, सात वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता पावणेदोन लाखांच्या आसपास. भाऊंचा प्रश्न एका ओळीचा होता: "मॅडम, सरकारनं बावीस हजार कोटी मंजूर केलेत. यापेक्षा पक्कं गिऱ्हाईक कुठं मिळणार?"

मी लगेच उत्तर दिले नाही. दोन आठवडे मागितले. त्या दोन आठवड्यांत जे कागद वाचले आणि जे हिशेब मांडले, त्यांचे हे टिपण. भाऊंच्या परवानगीने लिहिते आहे, कारण हा प्रश्न घेऊन येणारे ते एकटे नव्हते.

मंजुरी म्हणजे नेमके काय

आपल्याकडच्या लोकांना हे समजावायला मी धरणाचे उदाहरण घेतले. भाऊंची वडिलोपार्जित जमीन येवल्याच्या बाजूला, चारीच्या अगदी शेवटाला आहे. धरण शंभर टक्के भरल्याची बातमी येते, जलपूजन होते, फोटो छापून येतात. टेलच्या शेतकऱ्याला मात्र आवर्तन सुटेपर्यंत, आणि सुटलेले पाणी वरच्यांची तहान भागवून खाली पोहोचेपर्यंत थांबावे लागते. मंत्रिमंडळाची मंजुरी ही भरलेल्या धरणाची बातमी आहे. पाणी दरवर्षी वेगळे सोडले जाते.

संसदेकडून पैसा एका आर्थिक वर्षापुरताच मिळतो. मंत्रिमंडळाने आठ वर्षांचा प्रकल्प मंजूर केला, तरी अवकाश विभागाला दर फेब्रुवारीत आपली मागणी मांडावी लागते. वर्ष अर्धे सरले की अर्थ मंत्रालय प्रत्येक विभागाशी बसते आणि सुधारित अंदाज ठरतो. 31 मार्चपर्यंत जे खर्च झाले नाही, ते परत जाते. पुढच्या वर्षी ते आपोआप हाती येत नाही, पुन्हा मागावे लागते.

बातम्यांत झळकतो तो फेब्रुवारीचा पहिला आकडा. माझ्यासारखीने पाहायचा तो शेजारच्या रकान्यातला, सुधारित. 2020-21 मध्ये अवकाश विभागाची मूळ तरतूद 13,479 कोटी होती, सुधारित अंदाज 9,500 कोटींवर आला. ते कोविडचे वर्ष होते, मान्य. पण 2022-23 मध्ये 13,700 कोटींची तरतूद सुधारून 10,530 कोटी झाली, आणि त्या वर्षी टाळेबंदी नव्हती. दोन्ही वेळा तीन-चार हजार कोटी वर्षाच्या मध्यात गळाले आणि त्यावर कुठे आवाज झाल्याचे मला आठवत नाही.

इथे घाईने अर्थ मंत्रालयाला दोषी धरू नये, असे माझे मत आहे. पैसा कमी होतो याची दोन कारणे असतात आणि बाहेरून ती ओळखता येत नाहीत. कधी तिजोरीला पैसा दुसरीकडे हवा असतो. कधी चाचणी पुढे जाते, परदेशातून यायचा भाग अडतो, म्हणून विभागालाच पैसा खर्च करता येत नाही. मग पुढच्या वर्षी मागणी करताना समोरून विचारणा होते की मागचे तरी कुठे संपवलेत. उशिराने पैसा कमी होतो आणि कमी पैशाने उशीर वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागले की सुरुवात कुठून झाली ते कोणी सांगू शकत नाही.

गगनयानाची "सुप्रमा"

भाऊंना मोठ्या कामाचा निरोप मुख्यत्वे गगनयानाच्या जोरावर आला होता, म्हणून त्या एका कार्यक्रमाचा इतिहास मी तारीखवार काढला.

15 ऑगस्ट 2018 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की 2022 पर्यंत भारतीय माणूस भारतीय यानातून अंतराळात जाईल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळाने कार्यक्रम मंजूर केला, आणि मंजुरीपासून 40 महिन्यांत पहिले मानवी उड्डाण करण्याचे ठरले. कार्यक्रमाचा खर्च होता 9,023 कोटी. 40 महिने 2022 च्या एप्रिलमध्ये संपले. अंतराळवीरांच्या बचाव यंत्रणेची पहिली उड्डाण चाचणी 21 ऑक्टोबर 2023 ला झाली. 2024 च्या निर्णयाने एकूण रक्कम 20,193 कोटींवर गेली आणि डिसेंबर 2028 पर्यंत आठ मोहिमा पूर्ण करायचे ठरले. मानवी उड्डाणासाठी आता 2027 सांगितले जाते.

पाटबंधाऱ्यात काम केलेल्या कोणालाही हा घटनाक्रम ओळखीचा वाटेल. आपल्याकडे त्याला सुप्रमा म्हणतात, सुधारित प्रशासकीय मान्यता. नाशिक जिल्ह्यात सुप्रमा हा शब्द शाळेतल्या मुलालाही माहीत असतो. पण एक फरक मनापासून नोंदवायला हवा. गगनयानाची वाढ ही नुसती महागाईची किंवा दिरंगाईची वाढ नाही. त्यात नवे काम घातले गेले आहे: स्थानकाचा पहिला भाग, जादा मानवरहित उड्डाणे, जादा सामग्री. आणि माणूस बसवायचा असेल तर घाई करू नये, या बाबतीत माझ्या मनात शंका नाही. चाचणी पुढे ढकलणारा अभियंता बरोबरच असतो.

तरीही अंबडच्या शेडमधून पाहिले, तर 2018 ची बातमी वाचून कोणी 2019 मध्ये मशीन घेतले असते, तर त्याचे सात वर्षांचे कर्ज पहिला भारतीय वर जाण्याआधीच फिटून गेले असते. बँकेचा हप्ता चाचणीबरोबर पुढे सरकत नाही.

आप्पांनी इथे मला थांबवले. म्हणाले, "पोरी, आमच्याकडं पण असंच व्हायचं. एक विमान संपायचं, दुसरं यायचं असायचं. मधली वर्षं बाहेरच्या जॉबवाल्यांना कोरडी जायची." ओझरला साठच्या दशकापासून विमाने बांधली जातात, तेव्हा हा अनुभव या शहराच्या अंगात मुरलेला आहे. आप्पांना पगार होता. बाहेरच्या शेडवाल्याला नग मोजूनच पैसे मिळायचे.

एक साधी बेरीज

फेब्रुवारी 2025 चे अंदाजपत्रक यायला अजून चार महिने होते. मी भाऊंना एक हिशेब मांडून दिला आणि सांगितले की फेब्रुवारीत हाच पडताळून पाहू.

नव्या प्रक्षेपकाचे 8,240 कोटी 96 महिन्यांत खर्चायचे आहेत, म्हणजे वर्षाला सरासरी 1,030 कोटी. चांद्रयान-4 ला 36 महिने दिलेत, म्हणजे वर्षाला 700 कोटी. गगनयानाचे जादा 11,170 कोटी 2028 अखेरपर्यंत, म्हणजे वर्षाला 2,600 ते 2,800. शुक्राच्या मोहिमेचे साडेतीनशेच्या आसपास. मंजुरीतला पैसा सरळ रेषेत खर्च व्हायचा असेल, तर दरवर्षी पावणेपाच हजार कोटींच्या आसपास या चार कामांना लागतील. प्रत्यक्षात खर्च सरळ रेषेत होत नाही, सुरुवातीला कमी आणि मधल्या वर्षांत जास्त होतो. जुनी कामे संपून काही पैसा मोकळाही होतो. तरी दिशा तर कळते.

जानेवारी 2025 मध्ये यादीत आणखी एक भर पडली: श्रीहरिकोट्याचा तिसरा प्रक्षेपण तळ, 3,985 कोटी, 48 महिने. म्हणजे वर्षाला आणखी हजार कोटी.

1 फेब्रुवारीला आकडा आला. 2024-25 ची मूळ तरतूद 13,043 कोटी होती, 2025-26 साठी 13,416 कोटी. वाढ 373 कोटींची. देशाच्या 50 लाख 65 हजार कोटींच्या अंदाजपत्रकात अवकाश विभागाचा वाटा शंभर रुपयांत 26 ते 27 पैसे.

मी या आकड्यावर बराच वेळ बसून होते. या देशाच्या अवकाश कार्यक्रमावर माझे प्रेम आहे. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी विक्रम चंद्रावर उतरला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या आवारात पडद्यासमोर उभी राहून मी रडले होते. म्हणूनच हे मोकळेपणाने लिहिते: इतक्या मोठ्या मंजुऱ्या आणि इतकी छोटी वाढ यांचा मेळ फक्त एका मार्गाने बसतो. कामे पुढे सरकतात.

विरोध नसल्याची अडचण

भाऊंच्या मुलीने, ती के. के. वाघ कॉलेजात शिकते, चांगला प्रश्न विचारला. इस्रोला तर कोणताच पक्ष विरोध करत नाही. मग राजकारण आडवे येते कुठे?

तिचे निरीक्षण खरे आहे. चांद्रयान-1 ची घोषणा 15 ऑगस्ट 2003 ला वाजपेयींनी केली, उड्डाण 2008 मध्ये मनमोहन सिंगांच्या काळात झाले. मंगळयानाची घोषणा 15 ऑगस्ट 2012 ला मनमोहन सिंगांनी केली, ते मंगळाच्या कक्षेत गेले 24 सप्टेंबर 2014 ला, मोदी पंतप्रधान असताना. कोणी कोणाचे यान रद्द केले नाही. क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या, रॉकेट इंजिनाचे उदाहरण तर याहून मोठे आहे. अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने 1993 मध्ये तंत्रज्ञान देणे नाकारले, मग आपण स्वतः बांधायला घेतले. 2010 मधले पहिले उड्डाण फसले, आणि 5 जानेवारी 2014 ला ते इंजिन बसवलेले जीएसएलव्ही-डी5 रॉकेट यशस्वी झाले. वीस वर्षे, पाच पंतप्रधान. पैसा आटला नाही.

अमेरिकेत असे होत नाही. अपोलोच्या ऐन काळात, 1966 मध्ये, नासाला तिथल्या केंद्रीय खर्चाचा 4.4 टक्के वाटा मिळत होता. 1970 मध्ये शेवटच्या तीन चंद्रमोहिमा कापल्या गेल्या. जून 1993 मध्ये अंतराळ स्थानक बंद करण्याचा प्रस्ताव प्रतिनिधीगृहात 215 विरुद्ध 216 अशा एका मताने फेटाळला गेला. बुश यांनी 2004 मध्ये मांडलेला चंद्राचा कार्यक्रम ओबामांनी 2010 मध्ये रद्द करायला घेतला. चीनने सप्टेंबर 1992 मध्ये मानवी उड्डाणाचा कार्यक्रम मंजूर केला, 2003 मध्ये माणूस पाठवला, 2022 मध्ये स्थानक पूर्ण केले. तिथे मतपेटीची भीती नाही. ती किंमत मात्र आपल्याला परवडणारी नाही आणि मला ती नकोही आहे.

आपले राजकारण तिसऱ्या प्रकारचे आहे. अवकाश विभाग 1972 पासून थेट पंतप्रधानांकडे आहे. त्यामुळे मोठ्या निर्णयाला मोठे छत्र मिळते. पण त्याच कारणाने लोकसभेत या मागणीवर भांडणारा, किती आणि का कमी केले असे विचारणारा फारसा कोणी नसतो. बहुतेक विभागांच्या मागण्या चर्चेविनाच मंजूर होतात. संसदीय स्थायी समिती दरवर्षी तपासणी करते, तिचे अहवाल वाचण्यासारखे असतात, पण ते वाचतो कोण? अमेरिकेत कार्यक्रम गाजावाजा होऊन मरतो. आपल्याकडे तो मरत नाही, शांतपणे लांबतो. मोठ्या संस्थेला लांबणे सोसते. अंबडच्या शेडला, पावणेदोन लाखांच्या हप्त्यासकट, सोसत नाही.

मुलीने विचारले, पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे ना? आहे. 2006 च्या लघुउद्योग कायद्याने माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास चढे व्याज. पण हा कायदा दिलेल्या मालाला लागतो. न आलेल्या ऑर्डरला तो लागू होत नाही, आणि भाऊंचा धोका तिथेच होता.

मी काय सुचवले

मला या अभ्यासातून हाती लागलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे दोन प्रकारच्या मंजुऱ्यांतला फरक. 2018 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने पीएसएलव्ही या इस्रोच्या नेहमीच्या वापरातल्या प्रक्षेपकाच्या 30 उड्डाणांसाठी 6,131 कोटी एकगठ्ठा मंजूर केले होते. 2022 मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या गटाला पाच पीएसएलव्ही बांधण्याचे 860 कोटींचे काम मिळाले. इथे नग मोजलेले आहेत. किती ब्रॅकेट लागतील हे खालपर्यंत सांगता येते, आणि मशीन भरते ते अशा आवर्ती कामाने. नव्या प्रक्षेपकासारखा विकासाचा प्रकल्प निराळा. त्याच्या तीन चाचणी उड्डाणांना भाग लागतात थोडे, ड्रॉइंग बदलत राहते, आणि पहिल्या नगाच्या तपासणीतच महिने जातात. आवर्ती कामही वेळेवर येईलच असे नाही, त्या 30 उड्डाणांचा वेग ठरल्याप्रमाणे राहिला नाही. पण त्यावर निदान प्रश्न विचारता येतो.

म्हणून भाऊंना मी तीन प्रश्न लिहून दिले, ते त्यांनी कंपनीला ईमेलवर विचारायचे. हे काम चालू प्रक्षेपकाचे की विकासातल्या प्रकल्पाचे? वर्षाला किमान किती नगांची लेखी हमी? कच्चा माल तुमचा की माझा?

उत्तर यायला पाच आठवडे लागले. काम दोन्हींचे मिश्र, कच्चा माल कंपनीचा, किमान नगांची हमी देता येणार नाही, कारण वरून त्यांनाही ती मिळत नाही. हे उत्तर प्रामाणिक होते आणि त्याबद्दल मला त्या खरेदी अधिकाऱ्याचा आदर वाटतो.

मग प्रस्ताव बदलला. मोजमाप यंत्र आधी घ्यायचे, कारण ते पंप-व्हॉल्व्हच्या कामालाही लागते आणि त्याच्या प्रमाणपत्रावर भाव वाढवून मिळतो. पाच अक्षांचे मशीन तेव्हाच, जेव्हा अवकाशाचा एकही नग न धरता त्याचा निम्म्याहून जास्त हप्ता इतर गिऱ्हाइकांच्या कामातून निघेल. अवकाशाच्या कामाचा वाटा एकूण मशीन-तासांच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त धरायचा नाही. बँकेने कर्जफेडीला सहा महिन्यांची सवलत द्यावी असे आम्ही मागितले, तिने तीन दिली.

आप्पांना हे पटले नाही. त्यांच्या मते मी पोराचे पंख कापत होते. "देशाचं काम आहे," ते म्हणाले, "थोडी खोट आली तर आली." मी त्यांना उत्तर दिले की खोट एकदाच येत असती, तर मीही तेच म्हणाले असते. पण कुशल शेडवाला एकदा कर्जात बुडाला की त्याची माणसे वाहनांच्या कामाकडे जातात आणि परत येत नाहीत. पाच वर्षांनी कार्यक्रमाला पैसा आला, तरी तो भाग बनवणारा हात उरलेला नसतो.

हे मी अवकाश कार्यक्रमाच्या भल्यासाठीच म्हणत होते. दिल्लीने चार प्रकल्पांऐवजी तीन मंजूर केले आणि त्यांचा वर्षवार पैसा आधी सांगून तो टिकवला, तर मला तो मोठा निर्णय वाटेल. राज्यांत रस्त्यांची कामे किती वर्षांची देणी अडकवून बसली आहेत हे पाहणाऱ्याला कळेल की जास्त मंजुऱ्या म्हणजे जास्त काम नव्हे.

पुढे काय झाले

मोजमाप यंत्र जानेवारी 2025 मध्ये आले. मशीन एप्रिलमध्ये, पंप बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने वर्षाचे वेळापत्रक लेखी दिल्यावर. अवकाशाच्या कामाची पहिली लॉट मेच्या सुरुवातीला गेली. 18 मे ला पीएसएलव्ही-सी61 तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडामुळे अपयशी ठरले. भाऊंच्या भागांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण कंपनीकडून पुढच्या लॉटची तारीख दोनदा बदलली. यात राजकारण नव्हते. अपघात कार्यक्रमात धरलेलाच असतो, आणि तो धरता यावा म्हणूनच पैशाचे नियोजन सैल हवे.

17 ऑक्टोबर 2025 ला ओझरला तेजस विमानांच्या तिसऱ्या उत्पादन मार्गिकेचे उद्घाटन झाले. त्या आठवड्यात भाऊंचा फोन आला. विमानाचे काम मिळवण्यासाठी जे गुणवत्तेचे प्रमाणपत्र लागते, त्याची तयारी सुरू करू का, असे विचारत होते. मोजमाप यंत्र घरात असल्याने अर्धी तयारी झालेलीच होती. मी हो म्हणाले.

अवकाशाची दुसरी लॉट दिवाळीनंतर गेली, 64 नग, एकही परत आला नाही. सध्या पाच अक्षांच्या मशीनच्या तासांत या कामाचा वाटा पाचव्या हिश्शाच्या जवळ आहे. मोजमापाचे काम भाऊंची मुलगी सुट्टीच्या दिवशी पाहते. तिने यंत्राशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे, दोन रकान्यांचा, डावीकडे अवकाश विभागाची मूळ तरतूद आणि उजवीकडे सुधारित. उजवीकडच्या रकान्यात शेवटची ओळ तिने पेन्सिलीने मोकळी सोडली आहे.